मुंबईचे नगराध्यक्ष आणि एकमुखी कारभार

उत्तर बंगालांत दामोदरपूर येथें इ. स. १९१५ सालीं जे पांच ताम्रपट सांपडले, त्यांतील पहिला गुप्त संवत् १२४ चा, म्हणजे सुमारें इ. स. ४४३-४४ चा आहे. एका ब्राह्मणास अग्निहोत्रासाठीं जमीन विकत हवी होती, एवढाच त्याचा विषय. पण ही विक्री कोणासमोर मंजूर झाली हें सांगतांना ताम्रपटकर्त्यानें कोटिवर्ष येथील अधिकरण कसें बनलें होतें तें नांवनिशीवार नोंदवून ठेविलें आहे. वरून नेमलेला कुमारामात्य वेत्रवर्मा. आणि त्याच्या जोडीला नगरश्रेष्ठी धृतिपाल, सार्थवाह बन्धुमित्र, प्रथमकुलिक धृतिमित्र व प्रथमकायस्थ शाम्बपाल. नेमलेला अधिकारी एक व नगराचे प्रमुख चार, अशी ती मांडणी होती. ह्या चौघांचें वेत्रवर्म्याविषयीं मत काय होतें, त्यानें कारभाराची नवी घडी घालूं म्हटलें असतां नगरश्रेष्ठी राजी होई कीं नाराज, हें मात्र ताम्रपट सांगत नाहीं; आणि ताम्रपटाकडून तशी अपेक्षा करणेंही रास्त नव्हे.

हाच प्रश्न मुंबई शहराविषयीं विचारला तर उत्तर देतां येतें. तेथील नगरप्रमुख मोकळेपणीं बोलले, त्यांचीं भाषणें छापलीं गेलीं, आणि त्यांनीं घडविलेल्या कायद्याचीं कलमें आजही वाचावयास मिळतात. शहराचा सारा कारभार एका नेमलेल्या, वाकबगार व पगारी अधिकाऱ्याच्या हातीं द्यावा, ही जी कारभारविषयक सुधारणा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुढें आली, तिच्याकडे लोकांनीं निवडलेल्या नगराध्यक्षांनीं कोणत्या दृष्टीनें पाहिलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. सामान्य समजूत अशी कीं, अध्यक्ष आणि आयुक्त यांचें वैर स्वभावसिद्ध आहे. एकाची सत्ता वाढली कीं दुसऱ्याची घटते, म्हणून निवडलेला प्रमुख अशा सुधारणेचा नेहमींच शत्रु असावयाचा. मुंबईचा पुरावा ह्या समजुतीस अनुकूल नाहीं. एकमुखी कारभाराचा तेथील सर्वांत समर्थ कैवारी पुढें चार वेळां त्या शहराचा अध्यक्ष झाला. तो भांडला खरा. परंतु अधिकाऱ्याच्या हातांत सत्ता किती असावी ह्या मुद्द्यावर त्याचें भांडण थोडें होतें. त्या अधिकाऱ्यानें हिशेब कोणास द्यावयाचा, हा त्याचा खरा मुद्दा होता.

वाद तसा जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगराचा भार नागरक ह्या एका अधिकाऱ्यावर ठेवलेला असून त्याच्या हाताखालीं स्थानिक व गोप यांची उतरंड लावली आहे. उलट मेगॅस्थिनीसच्या उपलब्ध अवशेषांत पाटलिपुत्राचा कारभार पांच-पांच जणांच्या सहा मंडळांकडे असल्याचें वर्णन आढळतें. दोहोंचा मेळ घालण्यासाठीं विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. आम्हांस येथें इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, एकमुखी व बहुमुखी असे दोन्ही नमुने आपल्याकडील वाचकास परके नव्हेत. शब्दांचीही गोष्ट तशीच. ‘आयुक्त’ हा शब्द पाणिनीच्या सूत्रांत येतो, ‘आयुक्तक’ गुप्तकालीन लेखांत अधिकारी म्हणून वावरतो, आणि अशोकाच्या शिलालेखांतील ‘युत’ त्यांचाच जवळचा सोयरा. ‘महापौर’ हा शब्द मात्र नवा; तो स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं रूढ केला. म्हणजे नोकराचें नांव दोन हजार वर्षांचें आणि धन्याचें काल-परवांचें, असा हा योग आहे.

‘मेयर’ हें इंग्रजी नांव मुंबईस अगोदरच माहीत होतें, पण वेगळ्या अर्थानें. इ. स. १७२६ च्या सनदेनें तेथें जें मेयरचें न्यायालय स्थापन झालें, त्यांत एक मेयर व नऊ आल्डरमन बसत. त्यांचें मुख्य काम दिवाणी न्यायदानाचें. रस्ते, पाणी, मोऱ्या यांच्या कारभारावरून त्यांची परीक्षा व्हावयाची नव्हती. १७९८ सालीं त्याच्या जागीं रेकॉर्डरचें न्यायालय आलें आणि मेयर हें नांवही तेथून लोपलें. १९३१ सालीं महानगरपालिकेच्या अध्यक्षास तें नांव मिळालें, तेव्हां मधल्या १३३ वर्षांचें अंतर कोणास जाणवलें असेल असें वाटत नाहीं. म्हणून आम्ही ह्या लेखांत १९३१ पूर्वींच्या अध्यक्षांसही नगराध्यक्ष असेंच म्हटलें आहे. पद तेंच, नांव तेवढें बदललें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. १८५८ सालीं मुंबईचा कारभार तीन कमिशनरांच्या हातीं देण्यांत आला. तिघांत मिळून एक सत्ता असली म्हणजे जबाबदारी तिघांपैकीं कोणाचीच राहत नाहीं, असा अनुभव सात वर्षें आल्यावर १८६५ च्या दुसऱ्या कायद्यानें ती त्रिमूर्ति मोडली. शहरांतील जस्टिसांचें मंडळ ही कायदेशीर संस्था ठरली, आणि अंमलबजावणीची सारी सत्ता सरकारनें नेमलेल्या एका म्युनिसिपल कमिशनराकडे गेली. ह्या जागेवर आलेला गृहस्थ म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. पुण्याच्या वाचकांस हें नांव नवें नाहीं. पुढें मध्य भागाचा कमिशनर असतां १८८८ सालीं ज्याच्यावर लाचलुचपतीचे आरोप आले, आणि ज्याच्या प्रकरणांत सांपडलेल्या मामलतदारांची बाजू टिळकांनीं घेतली, तोच हा. चौकशी मंडळानें लांचेचा आरोप शाबीत धरला नाहीं. पण हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल तो नोकरीस मुकला.

मुंबईंतील त्याची कारकीर्द मात्र निराळ्या कारणानें गाजली. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत कापसाच्या भावानें शहरांत पैशाचा पूर आला होता. १८६५ सालीं तो ओसरला आणि मागें पडझड तेवढी उरली. अशा वेळीं क्रॉफर्डनें शहर स्वच्छ करण्याचा धडाका लावला. मोऱ्या, रस्ते, कत्तलखाने, मंडया, सर्वत्र त्याचा हात फिरला. १८६९ सालीं उघडलेली मोठी मंडई, जी आज महात्मा जोतिबा फुल्यांच्या नांवानें ओळखली जाते, ती त्या उद्योगाची साक्ष आहे. काम झालें, पण खर्च उत्पन्नाच्या बाहेर गेला, कर वाढले, आणि जस्टिसांच्या मंडळास खर्चाचा पत्ता खर्च होऊन गेल्यावर लागूं लागला. मंडळांतील जस्टिस हे तहाहयात नेमलेले. त्यांतील पुष्कळांस सभेस येण्याची निकड नव्हती, आणि जे येत त्यांस जाब विचारण्याची संवय नव्हती.

१८७१ सालीं करदात्यांचा संताप उसळला. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलीक यांसारखे जाणते लोक खर्चावर तुटून पडले. त्याच वर्षीं जून महिन्यांत फोर्ब्स नांवाच्या जस्टिसानें मंडळापुढें जी सूचना आणली तिचा रोख असा होता कीं, एका माणसाच्या हातची ही सत्ता काढून ती एका नगरसमितीकडे सोंपवावी. लोकमत तिकडे झुकलें होतें आणि त्यांत नवल नाहीं. उधळ्या कारभारी घालवावयाचा म्हणजे कारभारीपणच मोडून टाकावें, असा विचार संतापलेल्या मनास सहज सुचतो. पुण्यांत घाशीराम कोतवालाचा १७९१ सालीं जमावाच्या हातून अंत झाला तेव्हां लोकांनीं कोतवालीच्या रचनेचा विचार केला नव्हता; मुंबईच्या करदात्यांनीं दगड न उचलतां निदान ठराव मांडले, एवढा फरक.

ह्या वातावरणांत २९ नोव्हेंबर १८७१ रोजीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरानें मुंबईच्या म्युनिसिपल सुधारणेवर निबंध वाचला. हे फिरोजशहा मेहता. निबंधाचा मथितार्थ श्रोत्यांस रुचण्यासारखा मुळींच नव्हता. त्यांनीं सांगितलें तें असें: दोष एकमुखी सत्तेंत नाहीं, ज्या मंडळानें तिच्यावर देखरेख करावयाची तें मंडळ कोणाचेंही प्रतिनिधि नाहीं, हा दोष आहे. कारभार समितीकडे दिला तर १८५८ ची त्रिमूर्ति दुसऱ्या रूपानें परत येईल. म्हणून कारभारी एकच असावा, त्याची सत्ता पुरी असावी, फार काय, त्याची नेमणूक सरकारनेंच करावी. पण त्याच्यावर देखरेख करणारी सभा करदात्यांनीं ठराविक मुदतीनें निवडावी, तिच्यांतून एक नगरसमिति निघावी, आणि हिशेब तपासणारा अधिकारी त्या सभेच्या बाजूचा असावा, कारभाऱ्याच्या नव्हे.

ह्या निबंधाचें महत्त्व आमच्या मतें दुहेरी आहे. लोकपक्षाचा म्हणून पुढें ज्याचा लौकिक झाला, त्यानें लोकांच्या आवडीविरुद्ध आणि लोकांच्याच सभेंत कारभाऱ्याच्या सत्तेचें समर्थन केलें, ही पहिली गोष्ट. तिच्याहून मोलाची गोष्ट ही कीं, कारभार करणें आणि कारभारावर सत्ता चालविणें हीं दोन कामें निराळीं आहेत, हा भेद त्यांनीं स्पष्ट केला. समितीनें झाडूवाल्यांची हजेरी घ्यावयाची नाहीं. झाडू खरेदी कोणत्या भावानें झाली हें विचारावयाचें, आणि उत्तर मिळाल्यावांचून पुढची रक्कम द्यावयाची नाहीं. क्रॉफर्डकडे सत्ता फार होती असें न म्हणतां, त्याला विचारणारा कोणी नव्हता, असें हें निदान आहे.

नेमणूक सरकारकडे देण्यास मेहता इतके सहज कसे तयार झाले, हा प्रश्न चिकित्सक वाचकाच्या मनांत येईल. १८७१ सालीं निवडणुकीचें तत्त्वच अजून पदरांत पडावयाचें होतें, तेव्हां दोन्ही गोष्टी एकदम मागून दोन्ही गमावण्यापेक्षां एक पक्की करावी, असा व्यवहार त्यांत असावा. शिवाय सभेच्या मर्जीनें नेमलेला कारभारी सभेंतील तट सांभाळण्यांतच गुंततो, ही भीतीही त्यांस वाटली असणें संभवनीय आहे. हें दुसरें कारण आमचा तर्क समजावें.

१८७२ च्या तिसऱ्या कायद्यानें जी रचना आली ती ह्या निबंधाशीं बरीच जुळते. चौसष्ट सभासदांची महानगरपालिका झाली. निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनीं निवडावयाचे, १६ जस्टिसांनीं आणि १६ सरकारनें नेमावयाचे. बारा जणांची नगरसमिति तिच्यांत होती, आणि कमिशनर पूर्वींप्रमाणें एकच, सरकारी नेमणुकीचा.

ह्यापुढील टप्पा १८८८ च्या कायद्याचा, आणि येथें आम्ही जरा थांबतों, कारण मुंबईच्या नगराध्यक्षाचें स्थान ज्यानें ठरलें तो हाच कायदा. मेहता १८८४ व १८८५ अशीं दोन वर्षें अध्यक्ष होऊन गेले होते. म्हणजे तरुणपणीं सांगितलेली रचना अध्यक्षाच्या खुर्चींतून कशी दिसते हें त्यांनीं अनुभविलें होतें. लॉर्ड रिपनचा १८८२ चा ठरावही मध्यंतरीं येऊन गेला होता. अशा वेळीं मुंबई सरकारनें जो मसुदा पुढें आणला, त्यांत कमिशनरचे व सरकारचे अधिकार इतके वाढविले होते कीं, देखरेख करणारी सभा नांवाला उरावी. कायदे कौन्सिलांत त्याच्याशीं झुंज देण्यास मेहतांच्या जोडीला काशीनाथ त्रिंबक तेलंग होते. भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर करणारे आणि मुद्राराक्षसाची चिकित्सक आवृत्ति काढणारे तेलंग म्युनिसिपल कायद्याच्या पोटकलमांत इतके रमले, याचें कोणास आश्चर्य वाटल्यास त्यानें मुद्राराक्षस पुन्हां वाचावें; सबंध नाटकांत कारभार राजा करीत नाहीं, अमात्य करतो.

झगड्याचें फळ असें निघालें. शहराचें शासन महानगरपालिकेच्या ठायीं आहे, असें कायद्यानें स्पष्ट म्हटलें; आणि कायद्याची अंमलबजावणी करण्याची सत्ता कमिशनरच्या ठायीं आहे, असेंही म्हटलें. दोन्ही वाक्यें एकाच कलमाच्या पोटांत नांदतात. पहिल्यांत स्वामित्व आहे, दुसऱ्यांत कर्तृत्व. सभासद आतां ७२ झाले: ३६ विभागांतून निवडलेले, १६ जस्टिसांचे, दोन विश्वविद्यालयाचे, दोन व्यापारी मंडळाचे व १६ सरकारचे. नगरसमितीची स्थायी समिति झाली व तिचा अध्यक्ष तिनेंच निवडावा असें ठरलें. कमिशनरची नेमणूक सरकारनें तीन वर्षांच्या मुदतीनें करावयाची; पण ७२ पैकीं ४५ सभासदांनीं त्याच्याविरुद्ध मत दिल्यास सरकारनें त्याला परत बोलावलेंच पाहिजे. ह्या ४५ च्या आंकड्यांत सारें मर्म आहे. सरकारी १६ आणि जस्टिसांचे १६ हे सारे एका बाजूस गेले तर उरतात चाळीसच. म्हणजे केवळ निवडून आलेल्यांच्या रागानें कमिशनर जाणार नाहीं. इतरांपैकीं कांहींनाही तो नकोसा झाला पाहिजे. त्याला संरक्षण दिलें आहे, अभय दिलेलें नाहीं.

आतां ह्याच कायद्याची एक गोष्ट, जी फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्याकडे आहे अशीं म्युनिसिपल अधिकारिस्थानें त्यानें सुरुवातीसच मोजून दिलीं आहेत: महानगरपालिका, स्थायी समिति आणि कमिशनर. ह्या यादींत अध्यक्ष नाहीं. दर वर्षीं निवडला जाणारा, सभेचें नियमन करणारा, शहराच्या वतीनें पाहुण्यांचें स्वागत करणारा हा पुरुष कायद्याच्या दृष्टीनें अधिकारिस्थानच नव्हे. आणि ही रचना ज्यांनीं मान्य केली त्यांतील प्रमुख स्वतः अध्यक्षपद भोगलेले होते. आपल्या खुर्चीस सत्ता जोडून घेण्याची संधि पुढें असतां त्यांनीं ती घेतली नाहीं. सत्ता मागितली ती सभेसाठीं. आजच्या वाचकास हें विचित्र वाटेल. मेहतांचा हिशेब असा दिसतो कीं, एक वर्षाच्या अध्यक्षास कारभाराची सत्ता दिल्यास तो तीन वर्षांच्या कमिशनरशीं रोज झटापट करील, आणि मग प्रश्न विचारणारी सभा बाजूस राहून दोन कारभारी मात्र निर्माण होतील.

मेहतांचें स्वतःचें वजन अर्थात् खुर्चीवर अवलंबून नव्हतें. १८७३ पासून १९१५ च्या नोव्हेंबरांत मृत्यु येईपर्यंत ते महानगरपालिकेंत वावरत राहिले. १९०५ व १९११ सालीं आणखी दोनदां अध्यक्ष झाले. ह्या अवधींत कमिशनर आले आणि गेले. कायद्याचें कलम व मागचा ठराव दोन्ही मुखोद्गत असलेला सभासद समोर बसला असतां नव्या कमिशनरची काय अवस्था होत असेल याची कल्पना शाळामास्तरास सहज येते. जुना हुशार विद्यार्थी वर्गांत असला म्हणजे नवा मास्तर पाठ तयार करूनच येतो.

१८९६ सालीं प्लेग आला आणि ह्या रचनेची खरी कसोटी लागली. १८९७ च्या मार्चांत सरकारनें रोगनिवारणाचें काम महानगरपालिकेकडून काढून जनरल गॅटेकरच्या समितीकडे दिलें. पुण्यास रँडच्या हाताखालीं जें झालें त्याचें हें मुंबईचें भावंड. पुढच्या वर्षीं, १८९८ सालीं, शहर-सुधारणेसाठीं स्वतंत्र ट्रस्ट निघाला. त्याच्या विश्वस्तांत महानगरपालिकेनें निवडलेले अगदीं थोडे. काम तज्ज्ञपणें व झपाट्यानें व्हावें हाच येथेंही हेतु सांगितला गेला, आणि एकमुखी कारभाराच्या ह्या कैवाऱ्यानें ट्रस्टवर कडक टीका केली. वरवर पाहणारास ही विसंगति वाटेल. १८७१ चा निबंध ज्यानें नीट वाचला त्यास ती वाटणार नाहीं. कमिशनर कितीही बलिष्ठ असला तरी पैशासाठीं त्याला सभेपुढें यावें लागे. ट्रस्टला यावें लागत नव्हतें. शहराच्या पैशावर शहराच्या प्रतिनिधींची नजर नसणें, हेंच त्यांच्या मतें क्रॉफर्डच्या काळचें दुखणें होतें, आणि तें नव्या नांवानें परत आलें होतें. पुढें १९३३ सालीं हा ट्रस्ट महानगरपालिकेंत विलीन झाला.

१९०७ च्या प्रसंगाविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो प्रसिद्ध आहे. अकौंटंट जनरल हॅरिसन, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लव्हॅट फ्रेझर आदि मंडळींनीं मेहतांचें वर्चस्व मोडण्यासाठीं जस्टिसांच्या निवडणुकींत गट बांधला. जागा सोळा, मेहता सतरावे आले. पुढें निवडून आलेल्यांपैकीं एकाची निवड रद्द झाली आणि ते परत आंत आले. गट बांधणारांची तक्रार ही कीं, एक सभासद सबंध कारभार दाबून ठेवतो. एकेकाळीं कारभाऱ्याची बाजू घेतली म्हणून ज्यास लोकांनीं झिडकारलें, त्यासच छत्तीस वर्षांनीं कारभाऱ्यांच्या ज्ञातीनें कारभारावर जाच करणारा ठरविलें.

परदेशांत हाच वाद कसा लढला गेला तें पाहिल्यास मुंबईचा प्रकार अधिक उमगतो. नेमलेल्या व्यवस्थापकाकडे नगर सोंपविण्याची पद्धति अमेरिकेंत व्हर्जिनियांतील स्टाँटन गांवीं १९०८ सालीं उगवली, असें तिकडील ग्रंथ सांगतात. १९१३ च्या महापुरानंतर ओहायोंतील डेटन शहरानें ती उचलली आणि तेथून ती फैलावली. आमच्या मुंबईंत एकमुखी नेमलेला कारभारी त्याच्या ४३ वर्षें अगोदर बसला होता, ही गोष्ट त्या ग्रंथांत आढळेल अशी आशा कोणी करूं नये. तुलना अर्थात् पुरी जुळत नाहीं. अमेरिकेंत व्यवस्थापकास सभाच नेमते व सभाच काढते. म्हणूनच सिन्सिनाटीचे मरे सीझनगुड यांच्यासारखा नगराध्यक्ष, ज्यानें सुधारणेची चळवळ स्वतः चालविली होती, १९२६ सालीं आनंदानें बिनसत्तेच्या खुर्चीवर बसला आणि कारभार व्यवस्थापकाकडे दिला. पण त्याच वर्षीं कॅन्सस सिटींत तीच पद्धति सुरू होऊन तेथला व्यवस्थापक मॅकेलरॉय हा पेंडरगास्ट ह्या पुढाऱ्याच्या टोळीचा हस्तक बनला, आणि १९३९ पर्यंत तो खेळ चालला. नेमणूक सभेकडे दिली म्हणजे सारें साधतें असें नव्हे, हें ह्या दुसऱ्या उदाहरणावरून दिसतें.

हिंदुस्थानांत सभेनें आपला कारभारी आपण नेमण्याचा मोठा प्रयोग कलकत्त्यास झाला. १८९९ च्या कायद्यानें तेथील निवडलेल्या सभासदांची सत्ता कापली तेव्हां सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह अठ्ठावीस जणांनीं राजीनामे दिले होते. त्याच सुरेंद्रनाथांनीं मंत्रिपदावरून १९२३ चा कायदा करून घेतला. ह्या कायद्यानें मेयर आणि मुख्य कार्यकारी अधिकारी अशीं दोन पदें निर्माण झालीं. अधिकारी महानगरपालिकेनें नेमावयाचा, सरकारची संमति घ्यावयाची. १९२४ सालीं देशबंधु चित्तरंजन दास मेयर झाले आणि त्यांनीं अधिकाऱ्याच्या जागीं आपले सत्तावीस वर्षांचे अनुयायी सुभाषचंद्र बोस यांस आणलें. पगार तीन हजार होता, बोसांनीं निम्मा घेतला. मेयर आणि अधिकारी यांचें इतकें एकमत क्वचितच कोठें झालें असेल. पण तें टिकूं कोण देतो? ऑक्टोबरांत बोसांना पकडून पुढें मंडालेस पाठविलें. मेहतांनीं सरकारी नेमणूक पत्करून सभेचें स्वातंत्र्य मिळविलें. दासांनीं नेमणूकच हस्तगत केली, तर सरकारनें नेमलेला माणूसच उचलून नेला. पुढें १९४८ सालीं कलकत्त्याची महानगरपालिका बरखास्त झाली आणि १९५१ च्या कायद्यानें तेथेंही मुंबईच्या धर्तीचा, सरकारनें नेमलेला आयुक्त आला.

मुंबईंत १९२२ च्या दुरुस्तीनें मासिक दहा रुपये भाडें भरणारास मत मिळालें व सभेचें रूप पालटलें. विठ्ठलभाई पटेल १९२४ सालीं अध्यक्ष झाले. १९३१ सालीं बोमन-बेहराम हे पहिले मेयर. १९४२ सालीं युसुफ मेहेरअल्ली लाहोरच्या तुरुंगांत असतां मेयर निवडले गेले, आणि तरीही शहराचीं नित्याचीं कामें आयुक्ताच्या सहीनें चालूंच राहिलीं. १८८८ च्या यादींत अध्यक्षाचें नांव नसल्याचा हा एक अनपेक्षित उपयोग म्हणावयाचा.

मग देश स्वतंत्र झाला. आतां नेमणूक करणारें सरकारच लोकांचें झालें, तेव्हां मेहतांनीं १८७१ सालीं केलेली तडजोड बदलावी कीं राखावी, हा प्रश्न खुला झाला होता. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्यानें तिचें उत्तर दिलें: पुणें व अहमदाबाद येथेंही कारभाराची सत्ता सरकारनें नेमलेल्या आयुक्ताकडेच राहिली. १५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुण्याची महानगरपालिका झाली. बाबूराव सणस पहिले महापौर, सदाशिव गोविंद बर्वे पहिले आयुक्त. आमच्या मतें ह्या ठिकाणीं एक बारीक पण महत्त्वाचा फरक पडला. परकी सरकारच्या काळीं निवडलेली सभा व नेमलेला कमिशनर यांत सरकार हें उघडउघड तिसरें होतें, म्हणून सभा सदैव जागी असे. सरकार आपलें झाल्यावर सभेंतील बहुमत व सरकारांतील बहुमत बहुधा एकाच पक्षाचें असूं लागलें. आयुक्ताबद्दल गाऱ्हाणें न्यावयाचें तर तें सभेंत मांडण्यापेक्षां मंत्र्याच्या कानावर घालणें सोपें झालें. महापौरांच्या तोंडीं पुढें जी ‘आम्हांस अधिकार नाहींत’ ही तक्रार वारंवार येऊं लागली, तिचें मूळ कायद्याच्या कलमापेक्षां ह्या सोप्या वाटेंत अधिक आहे. कलमें मेहतांच्या वेळचींच होतीं, आणि त्यांनीं त्याच कलमांनीं कमिशनरांस घाम फोडला होता.

तक्रारीचा एक परिणाम झाला. कलकत्त्यानें १९८० च्या कायद्यानें, जो १९८४ सालीं अमलांत आला, कारभाराची सत्ता महापौर व त्याच्या निवडक सहकाऱ्यांच्या मंडळाकडे दिली. महाराष्ट्रांत तोच प्रयोग १९९८ सालीं मुंबई व नागपूर येथें सुरू झाला आणि १९९९ सालीं गुंडाळला गेला. एका वर्षाच्या प्रयोगावरून निकाल देणें इतिहाससंशोधकाचें काम नव्हे.

राहिला प्रश्न पुराव्याचा. वर जें लिहिलें त्याचा मोठा भाग एकाच बाजूच्या लेखणींतून उतरलेला आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. मेहतांचीं भाषणें चिंतामणींनीं १९०५ सालीं छापलीं. चरित्र होमी मोदींनीं १९२१ सालीं दोन भागांत लिहिलें. मुंबईच्या म्युनिसिपल शासनाचा इतिहास दिनशा वाच्छांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केला, आणि वाच्छा स्वतः १९०१ सालीं त्या सभेचे अध्यक्ष व मेहतांचे निकटचे सहकारी होते. वाच्छांनीं क्रॉफर्डच्या खर्चास दोष देऊनही त्याच्या आरोग्यविषयक कामाची थोरवी मान्य केली, हें त्यांच्या निःपक्षपातास शोभणारें आहे. तथापि १८७१ सालच्या त्या सभेंत ज्यांनीं निबंधाबद्दल नापसंती दाखविली, त्यांचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत वाचावयास हवें. तीं माणसें मूर्ख नव्हतीं. त्यांच्या घरपट्टीची बिलें खरीं होतीं. त्या वर्षाच्या करदात्यांच्या सभांचीं हस्तपत्रकें, अर्ज, मराठी व गुजराथी वृत्तपत्रांचे सुटे अंक, जस्टिसांच्या घराण्यांतील रोजनिश्या अथवा पत्रव्यवहार ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते रद्दींत जाण्यापूर्वीं मंडळाच्या दप्तरखान्यास दाखवावे. मूळ कागद देणें नको असेल तर नक्कल पुरे, फक्त तींत तारीख, सही आणि कागदाच्या पाठीवरची नोंद गाळूं नये.